वापरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: तसाच चढवायचा की आधी खोलायचा?

सकाळी थंड गाडी सोसायटीतून निघते तेव्हा काहीच तक्रार नसते. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा अशी ठाण्यातल्या घोडबंदर रोडची रांग पाऊण तास खाल्ली की मात्र रंग बदलतो. रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी ओढ घेत नाही. एक-दोन सेकंदांनी धक्का बसतो आणि मग ती निघते. गॅरेजवाला अर्धा लिटर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, टाकून देतो, पंधरा दिवस बरं जातं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. साठच्या दशकातल्या इम्पाला आणि इतर शेवरले जपणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार वर्षानुवर्षं येते आहे, आणि तिचा शेवटही ठरलेला असतो: “कुर्ल्यात एक गिअरबॉक्स मिळतोय, चालू कंडिशनमध्ये आहे म्हणतात. घेऊ का? आणि घेतला तर तसाच बसवू की बांधून घेऊ?”

माझं मत आधीच सांगून टाकतो. पडून राहिलेला गिअरबॉक्स न खोलता गाडीखाली न्यायचा नाही. खोलल्यावरही बहुतेक वेळा त्याच्याऐवजी आपल्या गाडीतला मूळ गिअरबॉक्सच बांधावा, म्हणजे झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडावा, आणि विकत घेतलेला सुट्या भागांसाठी ठेवावा. मात्र या दोन्हींच्या आधी गाडीतला गिअरबॉक्स खरंच गेलाय का, हे नक्की करायचं. तो न तपासताच नवा शोधायला निघालेले लोक मी फार पाहतो, आणि त्यांचे पैसे वाया जाताना वाईट वाटतं.

पुढचं सगळं मुख्यतः पॉवरग्लाइड या दोन गिअरच्या, अ‍ॅल्युमिनियम केसच्या गिअरबॉक्सबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या त्या काळातल्या ऑटोमॅटिक शेवरलेंमध्ये सहसा तोच सापडतो. कोणाच्या हाती तीन गिअरचा टर्बो ३५० लागला असेल तर फरक तिथे तिथे सांगतो.

आधी गाडीतला तपासा

पातळीपासून सुरुवात करा. पॉवरग्लाइडची पातळी गाडी पूर्ण गरम झाल्यावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन आयडलवर ठेवून आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये असताना बघतात. टर्बो ३५० मध्ये लिव्हर पार्कमध्ये ठेवतात. बंद गाडीत डिपस्टिक काढून बघितलेल्या पातळीला काही अर्थ नाही, कारण इंजिन थांबल्यावर तेल कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या मधल्या डब्यातून) खाली उतरतं. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण अर्ध्या लिटरचं असतं, त्यामुळे “थोडं जास्त असलं तर काय बिघडतं” म्हणून एकदम लिटरभर ओतू नका. पातळी फार वर गेली की फिरते गिअर तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने दाब तयार होत नाही. गाडी तेल कमी असताना जशी स्लिप मारते, म्हणजे घसरते, तशीच जास्त असतानाही मारते.

आता खरा प्रश्न: दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर तेल जातं कुठे? पार्किंगच्या फरशीवर लाल डाग नसेल तर व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमनुसार गिअरबॉक्समधला दाब बदलणाऱ्या डबीची) रबरी नळी काढून आत बघा. नळीत लाल तेल दिसलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि इंजिन ते तेल ओढून जाळतंय. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर तोही यातलाच. हा भाग हातात मावेल एवढा आहे आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. पडदा शाबूत असून फक्त नळी तडकली असेल तर गिअर उशिरा किंवा धक्क्याने पडतो. आपल्या हवेत रबर लवकर कडक होतं, म्हणून ही नळी शंका असो-नसो बदलूनच टाका.

दुसरी गोष्ट बँड, म्हणजे ड्रमभोवती आवळणारा पट्टा. पॉवरग्लाइडमध्ये लो गिअर बँडवर चालतो, हाय गिअर एका क्लच पॅकवर (एकमेकींवर रचलेल्या क्लच प्लेटवर) आणि रिव्हर्स दुसऱ्या क्लच पॅकवर. म्हणून गाडी सिग्नलवरून निघतानाच घसरत असेल, पण हायमध्ये गेल्यावर आणि रिव्हर्समध्ये ठणठणीत असेल, तर बोट बँडकडे जातं. बँडचा स्क्रू केसच्या बाहेरूनच सेट होतो. लॉकनट सैल करून स्क्रू ७० इंच-पाउंडपर्यंत, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटरपर्यंत कसायचा आणि तिथून पूर्ण चार फेरे मागे घ्यायचा. बँड नवा असेल, ६,००० मैलांच्या आत चाललेला, तर तीन फेरे. लॉकनट आवळताना स्क्रू जागचा हलू द्यायचा नाही. टॉर्क रेंच नसेल तर अंदाजाने करू नका, वागळे इस्टेटमध्ये मागितला तर मिळतो. जास्त कसलेला बँड ड्रमला सतत घासून जळतो, आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते.

टर्बो ३५० मध्ये हिशोब वेगळा. तिथे डायरेक्ट क्लच तिसऱ्या गिअरलाही लागतो आणि रिव्हर्सलाही. तिसरा घसरतोय आणि रिव्हर्सही दमादमाने पकडतोय, असं असेल तर त्या एकाच क्लचचे सील किंवा प्लेट गेल्या आहेत. रिव्हर्स उत्तम आणि पुढचे सगळे गिअर ढिले असतील तर फॉरवर्ड क्लच. ड्रायव्हरच्या सीटवर बसून एवढं कळतं, म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी नेमकं कुठल्या गिअरमध्ये काय होतं ते लिहून काढा. “गाडी पिकअप घेत नाही” एवढ्यावर कुठल्याही मिस्त्रीला काही करता येणार नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. रेस दिल्यावर आरपीएम चढतो आणि गाडी हलत नाही, हे स्लिप. रेस दिली तरी इंजिन दबलेलंच राहतं, निघताना गाडी जड वाटते आणि वेग घेतल्यावर ठीक चालते, तर ते स्लिप नव्हे. तेव्हा आधी इंजिनाचं ट्यूनिंग बघा, आणि ते चोख असेल तर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरवर, म्हणजे आतल्या तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चाकावर, संशय घ्या.

शेवटी दाब मोजा. ही पायरी आपल्याकडे जवळजवळ कोणी करत नाही, आणि निर्णय तर हिच्यावरच अवलंबून असतो. गिअरबॉक्सच्या केसवर मेन लाइनचा दाब मोजायला बूच असतं. ३०० पीएसआयपर्यंतचा गेज आणि पुरेशी लांब नळी लावा, म्हणजे गेज गाडीत बसून वाचता येईल. वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या हायड्रॉलिक होजवाल्याकडे त्या आट्याचा अ‍ॅडॉप्टर बनवून मिळतो. एकदा थंड असताना आकडे लिहा, मग गाडी चांगली तापवून त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला पुन्हा लिहा.

थंड तेल जाड असतं, झिजलेल्या सीलच्या फटीतून ते फारसं निसटत नाही. गरम झालं की पातळ होतं आणि निसटतं. सकाळची गाडी आणि दुपारची गाडी वेगळी का वाटते, त्याचं कारण हे. आता गरम असताना सगळ्याच गिअरमध्ये दाब पडत असेल तर दोष सर्वांना तेल पुरवणाऱ्या भागात आहे: पातळी, तुंबलेला फिल्टर, दाब राखणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह, नाहीतर झिजलेला पंप. फिल्टर पॅन काढून बदलता येतो, तो आधी बदला. दाब चांगला राहूनही एकच गिअर घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच, बँड किंवा त्याचा सील गेला आहे आणि गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही.

इथपर्यंत आल्यावरच वापरलेल्या गिअरबॉक्सचा विचार सुरू होतो.

बघायला जाल तेव्हा

पहिल्यांदा तो कुठला आहे हे ओळखा. खालच्या पॅनला १४ बोल्ट असतील तर पॉवरग्लाइड. १३ बोल्ट आणि चौकोनी पॅनचा एक कोपरा तिरका कापलेला असेल तर टर्बो ३५०. अ‍ॅल्युमिनियम पॉवरग्लाइड १९६२ ते १९७३ या काळातला. त्याआधीचा बिडाचा पॉवरग्लाइड वेगळा, वजनाने खूप जड, आणि त्याचे भाग याला चालत नाहीत. दुकानात “शेवरलेचाच आहे” म्हणून काहीही समोर ठेवतात, तेव्हा बोल्ट मोजायला लाजू नका.

तेलाच्या रंगावर भुलू नका. विकणाऱ्याने काल नवं एटीएफ भरलं तर डिपस्टिक लालचुटुक दिसणारच. विश्वास ठेवायचा तो पॅनवर. “पॅन काढून बघू द्या, नवीन गॅस्केटचे पैसे मी देतो,” असं सरळ सांगा. विकणारा नाही म्हणाला तर त्या मालाची किंमत रिकाम्या केसइतकीच धरा आणि तेवढीच बोला.

पॅन काढला की तळाचा गाळ बोटावर घ्या आणि उजेडात अंगठ्याने चोळा. मऊ, काजळासारखा काळा गाळ थोडा असेल तर तो क्लच प्लेटच्या नेहमीच्या झिजेचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. बोटाला पिवळसर-तांबूस चमक लागली तर बुश (शाफ्टभोवतीची मऊ धातूची नळकांडी) खाल्ले गेलेत. टोचणारे पोलादी कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. रुपेरी चंदेरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे केस किंवा पंपापर्यंत घासाघीस पोचली आहे. प्लेटच्या अस्तराचे तुकडेच पडले असतील तर आत काहीतरी पूर्ण जळलंय. जळक्या तेलाचा उग्र वास पॅन उघडताक्षणीच येतो, त्यासाठी नाक खुपसावं लागत नाही.

पाण्याची खूण वेगळी शोधा. पॅनच्या कडेला गंजाची आडवी रेघ असेल, किंवा तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल, तर आत पाणी गेलेलं आहे. बऱ्याचदा ते रेडिएटरमधल्या कूलरच्या नळीतून येतं, कारण या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्याच टाकीत थंड होतं. क्लच प्लेटचं अस्तर कागदी असतं, पाणी लागलं की त्याचा गोंद सुटतो. अशा गिअरबॉक्समधली प्लेट दिसायला कितीही चांगली असो, ती वापरायची नाही. आपल्या गाडीत हे झालं असेल तर रेडिएटर आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा बांधलेला गिअरबॉक्सही त्याच वाटेने जाईल.

आपल्या भागात एक गोष्ट कोणी विचारत नाही: कूलर लाइनची भोकं आणि शेपटीकडचं (प्रोपेलर शाफ्ट शिरतो ते) तोंड बंद करून ठेवलं होतं का? खाडीकाठच्या गोदामात एक-दोन पावसाळे उघडा पडलेला गिअरबॉक्स आतून घाम धरतो. तेल सगळं तळाला बसलेलं असतं, वरच्या अर्ध्या भागातल्या पोलादी प्लेट उघड्या राहतात आणि गंज धरतात. रबरी सील वाळून टणक होतात. गिअरबॉक्स गाडीतून काढला तेव्हा अगदी उत्तम चालत असेल, विकणारा खरंही बोलत असेल, तरी आज तो तसा राहिलेला नसतो. म्हणून “चालू होता” हे ऐकून घ्यायचं, पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही. न खोलता चढवायला माझी हरकत फक्त एकाच प्रसंगी नाही: तो गिअरबॉक्स नुकताच चालत्या गाडीत बसून, गरम करून, सगळ्या गिअरमध्ये तुम्ही स्वतः पाहिलाय आणि तो तुमच्यासमोर उतरवलाय.

टेबलावर

खोलायला फार खर्च नाही. खरा खर्च चढवण्या-उतरवण्याचा आहे: प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, कूलर लाइन, लिंकेज, कन्व्हर्टरचे बोल्ट, वर सगळं नवं एटीएफ. न तपासलेला गिअरबॉक्स चढवून महिन्याभरात परत उतरवला की ही सगळी मजुरी दोनदा जाते. तोच टेबलावर एका दिवसात उघडून बघता येतो.

खोलण्याआधी इनपुट शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे मागे-पुढे हलण्याची मोकळीक, डायल गेजने मोजून घ्या. पॉवरग्लाइडला तो ०.०२८ ते ०.०५९ इंच, म्हणजे साधारण ०.७ ते १.५ मिलिमीटर असावा. जास्त निघाला तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. मग व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला भाग) काढून हवेची चाचणी करा. ज्या वाटेने क्लचला तेल जातं, तिथे एअर गनचं तोंड कापडाने दाबून धरा आणि बेताच्या दाबाने हवा सोडा. पिस्टन शाबूत असेल तर आतून एक जाड, बसका ‘धप्’ ऐकू येतो आणि हवा थांबते. सील गेला असेल तर ‘धप्’ येतच नाही, किंवा येतो आणि मागून लांब फुसफुस चालू राहते. चांगला मिस्त्री त्या आवाजावरून कुठला सील गेलाय ते सांगतो. त्याच्या शेजारी उभं राहून एकदा तरी ऐका. पावसाळ्यात मात्र कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढायला लावा, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे थेंबही आत जातात.

सुटं केल्यावर दोन ढीग मनात ठेवा. सील, ओ-रिंग, गॅस्केट, क्लच प्लेट, बँड, फिल्टर, मॉड्युलेटर: हे कसेही दिसले तरी नवेच घालायचे. त्यावर निर्णय अवलंबून नाही. निर्णय पोलादी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर होतो. पंपाच्या तोंडावर नखाला अडकेल असा चरा आहे का? बँड ज्या ड्रमवर बसतो त्याला खाच पडली आहे का, तो तापून निळा झालाय का? प्लॅनेटरीचे छोटे गिअर हाताने हलवल्यावर कडकड करतात का? केसमध्ये तडा, बोल्टचे आटे गेलेले? हे सगळं चांगलं असेल तर गिअरबॉक्स बांधण्यालायक. यातले दोन-तीन भाग एकदम गेले असतील तर तो सुट्या भागांचा, त्यावर भावनेने पैसे घालू नका.

आणि याच टेबलावर आपल्या गाडीतला गिअरबॉक्सही उघडा. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुठला बांधायचा ते ठरवू नका. माझा कल आपल्या मूळ गिअरबॉक्सकडे का, तर तो आपल्या इंजिनाला जुळवलेला आहे. सहा सिलिंडरच्या आणि व्ही-८ च्या पॉवरग्लाइडमध्ये क्लच प्लेटची संख्या, गव्हर्नरची (गाडीच्या वेगानुसार गिअर पाडणाऱ्या भागाची) वजनं, अगदी लो गिअरचा रेशोसुद्धा वेगळा असू शकतो: १.७६ किंवा १.८२. स्पीडोमीटरचा गिअर मागच्या डिफरन्शियलप्रमाणे असतो. परका गिअरबॉक्स बाहेरून तंतोतंत सारखा दिसतो आणि बसवल्यावर गिअर भलत्याच वेगाला पडतो, मग लोक पुन्हा मॉड्युलेटर शोधत बसतात. शिवाय मूळचा गिअरबॉक्स कसा चालला, काय सोसला, हे आपल्याला माहीत असतं. त्याचा पंप गेला असेल तर विकतच्यातला पंप घ्या. ड्रम गेला असेल तर ड्रम. असे दोनांतून एक चांगले गिअरबॉक्स मी आपल्या भागात झालेले पाहिले आहेत आणि ते टिकले आहेत.

पॉवरग्लाइड आणि टर्बो ३५० यांच्यापुरती सीलचा आणि प्लेटचा किट मिळणं ही अडचण नाही. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगवाले पॉवरग्लाइड अजून वापरतात, त्यामुळे त्याचे भाग आजही नवे बनतात. १९५७ ते १९६१ च्या टर्बोग्लाइडसारख्या गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. तिथे भाग दुर्मिळ, म्हणून तसा वापरलेला गिअरबॉक्स कुठल्याही अवस्थेत मिळाला तरी सोडू नका.

पॉवरग्लाइडऐवजी टर्बो ३५० बसवावा का, असंही विचारतात. सहा इंची शेपटीचा टर्बो ३५० लांबीला पॉवरग्लाइडइतकाच असतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट बहुधा तोच चालतो. कसाऱ्यासारख्या घाटात तिसरा गिअर सुखाचा वाटतो हे खरं. तरीही मूळ गिअरबॉक्स बांधण्यालायक असेल तर मी तोच ठेवीन. दोन गिअरची ती लांब, शांत ओढ हाच त्या गाडीचा स्वभाव आहे. बदललाच तर मूळचा भंगारात देऊ नका, तेल भरून, भोकं बंद करून घरात ठेवा.

बांधताना आणि चढवताना

गॅरेजमध्ये हात पुसायला असतं ते कॉटन वेस्ट या टेबलाच्या जवळपासही येऊ देऊ नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. धागे न सुटणारं कापड घरून न्या. भाग जागी चिकटवायला ग्रीस नको, व्हॅसलीन वापरा. ते तेलात विरघळतं, ग्रीस फिल्टरवर जाऊन बसतं. नव्या प्लेट कोरड्या बसवायच्या नाहीत, आदल्या रात्री एटीएफमध्ये बुडवून ठेवा.

कन्व्हर्टरबद्दल काटकसर करू नका. तेलाचा मोठा वाटा त्यातच असतो आणि जळलेल्या प्लेटचा गाळ तिथेच जाऊन बसतो. नुसतं तेल घालून हलवल्याने तो निघत नाही. गिअरबॉक्स जळलेला असेल तर कन्व्हर्टर कापून, साफ करून, बॅलन्स करून घ्या किंवा बदला. रेडिएटरमधला कूलर आणि नळ्याही फ्लश करा. आपल्या ट्रॅफिकसाठी रेडिएटरच्या पुढे एक वेगळा छोटा ऑइल कूलर जोडावा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलवर उभ्या गाडीत तेल जेवढं तापतं, तेवढं पळत्या गाडीत तापत नाही.

चढवताना कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर फ्लेक्स प्लेट (इंजिनाला लागलेली, कन्व्हर्टर फिरवणारी पातळ तबकडी) आणि कन्व्हर्टर यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. जागा नसेल तर तो पूर्ण बसलेला नाही. तसेच बोल्ट आवळून अंतर मिटवलं तर इंजिन सुरू होताच पंप फुटतो. हा बिघाड दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही, म्हणून बोल्ट लावताना स्वतः खाली वाकून ती फट बघा.

तेल थोडं भरून इंजिन सुरू करा, कन्व्हर्टर तेल पीत जाईल तसं वाढवत न्या, रेस देऊ नका. सगळ्या गिअरमधून लिव्हर सावकाश फिरवून मग पातळी बघा. पहिला फेरा सकाळी पाम बीच रोडसारख्या सरळ रस्त्यावर घ्या, गिअर कुठे पडतो ते नीट कळतं. नंतर संध्याकाळच्या गर्दीत घोडबंदरने गायमुखच्या चढापर्यंत न्या आणि दाबाचा गेज तोपर्यंत लावलेलाच ठेवा, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघता येईल. साधारण ५०० किलोमीटर झाले की पॅन पुन्हा काढा आणि तेल, फिल्टर बदला. नव्या प्लेटचा थोडा करडा गाळ दिसेल, तो चालतो. पिवळी चमक दिसली तर गाडी तिथेच थांबवा आणि गिअरबॉक्स उतरवून बुश बघा, कारण त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर पंपावर आणि ड्रमवर जातो.